हाडांत उतरलेलं पाणी

१८ जून

मीटर धुऊन, नवं प्रमाणित द्रावण लावून आज पुन्हा तपासलं. आकडा तोच. पिण्याच्या पाण्यात जेवढं फ्लोराइड चालतं त्याच्या जवळपास तिप्पट. पांढरकवड्याच्या आसपासच्या गावांतून बाटल्या भरून आणल्या होत्या. त्यांत सगळ्यात वाईट पाणी आमच्या बस्तीच्या हातपंपाचं निघालं.

ती बाटली मी मुद्दाम आणली नव्हती. रविवारी आईबाबांकडे गावी गेले होते, पिशवीत एक रिकामी बाटली उरली होती, येताना भरून घेतली. एवढंच. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पाण्यातलं फ्लोराइड ओढून घेणाऱ्या एका पावडरीवर पीएचडी करते, तेव्हा बाटल्या भरायची सवयच लागली आहे.

बाबांची मान वळत नाही. पाठ वाकलेली. सगळे म्हणतात संधिवात. बस्तीत तशी आणखीही माणसं आहेत. कष्टाची शरीरं, लवकर म्हातारी होतात, असं आम्ही म्हणतो.

आज माझीही मान धरली आहे. पेपर तपासून तपासून होतं असं.

२३ जून, गावी

सांगितलं. वाईट रीतीने सांगितलं बहुतेक.

बाबा अंगणात खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, पंपाचं पाणी पिऊ नका."

"काहून? गढूळ हाय?"

"नाही."

"वास येते?"

"नाही. त्यातलं फ्लोराइड दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. ते हाडात जाऊन बसतं. मग हाडं दगडासारखी होतात, सांधे आवळून येतात."

बाबा माझ्याकडे वळले. मान वळत नसल्यामुळे त्यांना सगळं अंग फिरवावं लागतं. "पाणी कदी हाडात जाते का वं?"

आई चुलीपाशी होती, तिने हात थांबवला.

"हे बस्तीत बोलू नको," बाबा म्हणाले. "अजून पक्कं नाही."

"पक्कं आहे, बाबा. दोनदा तपासलं."

"तुह्या मशीनले पक्कं असंल."

आणि उठून पंपाकडेच गेले. ओट्यावर बसून राहिले.

त्यांचा राग मला कळतो. तो पंप सरकारने आणला नाही, बाबांनी आणला. त्याआधी आमच्या बाया गावविहिरीपासून दूर घागरी मांडून बसायच्या. गावातलं कोणी मनात आलं तर पाणी काढून वरून ओतायचं. बाबा तेव्हा पंचविशीतले, गवंडीकाम करायचे. बस्तीतली माणसं घेऊन पांढरकवड्याच्या कचेरीसमोर धरणं धरून बसले, हाकलले गेले, पुन्हा बसले. शेवटी बोअरची गाडी आली. पंपाचा ओटा बाबांनी स्वतः बांधला, आणि मजुरी घेतली नाही. बस्तीत कोणी नवीन सून आली की सासू आजही तिला पहिल्यांदा पंपावर नेते आणि सांगते, हा भीमराजभाऊचा पंप.

११ जुलै

बाबांना यवतमाळला नेऊन क्ष-किरण काढले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. मणक्यांमध्ये ज्या फटी दिसायला हव्यात त्या दिसत नव्हत्या. सगळा कणा एकच, पांढराशुभ्र, सांधलेला. हाडांना धरून ठेवणारे अस्थिबंधही हाड होत चालले आहेत. डॉक्टर म्हणाले, हे वर्षानुवर्षांच्या पाण्याचं आहे. झालं ते मागे फिरत नाही, पण पाणी आजच्या आज बदला. पायांत मुंग्या आल्या, पाय जड वाटले, तर थांबू नका, लगेच नागपूर.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. उमरी मागे पडल्यावर, समोरच्या सीटकडे पाहत, एकच विचारलं.

"बाकीच्यायचंही असंच असंल का?"

"सगळ्यांचं नसेल."

खोटं बोलले असं नाही. तपासलं नाही, म्हणून माहीत नाही. पण मला माहीत आहे.

१४ जुलै, गावी

बस्तीला सांगू या, म्हटलं. बाबा म्हणाले, "आज सांगतलं त् उद्या बाया कुठं जातीन पाण्याले? तुही पावडर तयार होऊ दे. इलाज हाती घेऊन सांगू."

मला हे बरोबर वाटलं, आणि चूकही वाटलं. मी गप्प बसले.

३० जुलै

पावडर काम करत नाही.

पुस्तकात सगळं सोपं आहे. कॅल्शियमच्या क्षाराचं पाणी आणि फॉस्फेटचं पाणी एकत्र केलं की कॅल्शियम फॉस्फेटच्या पातळ चकचकीत पापुद्र्यांचा पांढरा साका खाली बसतो. हे स्फटिक पाण्यात कायम तसे राहत नाहीत. हळूहळू विरघळतात आणि त्यांच्याच जागी नवं खनिज बांधलं जातं, आपल्या हाडात आणि दातात असतं तसंच. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते नव्या स्फटिकात आपली जागा धरून बसतं, आणि एकदा बसलं की उठत नाही. म्हणजे पाण्यात हाड तयार होऊ द्यायचं आणि हाडाने विष शोषून घ्यायचं. एवढीच युक्ती.

पण आमच्या पंपाच्या पाण्यात पावडर टाकून दिवसभर ढवळलं तरी आकडा हलला नाही. उद्या सकाळी पुन्हा पाहीन.

३१ जुलै

सकाळी आकडा पडलेला! काल संध्याकाळपर्यंत जे झालं नाही ते रात्रीत झालं. म्हणजे पावडर वाईट नाही, तिला सुरुवात करायला वेळ लागतो. पण बस्तीतली बाई घागर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नाही.

१९ ऑगस्ट

सापडलं. पावडर आधी साध्या गरम पाण्यात भिजत ठेवली. त्यात फ्लोराइड नाही, काही नाही, फक्त गरम पाणी. मग निथळून पंपाच्या पाण्यात टाकली. थांबणं नाहीच. टाकल्यापासून आकडा खाली.

अमरावतीहून सूक्ष्मदर्शकाचे फोटोही आले. गरम पाण्यात भिजलेल्या स्फटिकावर बारीक दाणे उगवलेले दिसतात. नवं हाड त्या दाण्यांपासून सुरू होतं. शेवटच्या फोटोत पापुद्र्याचा आकार जसाच्या तसा आहे, कोपरेसुद्धा शाबूत. पण जवळून पाहिलं तर आतलं जुनं काही उरलेलं नाही, सगळ्या बारीक सुया. बाहेरून तोच, आतून दुसराच.

या पावडरीने पाणी थोडं आंबट होतं, ते चुनखडीच्या खड्यांवरून सोडलं की ठीक होतं.

आलेखाची रेघ फार सुंदर आली आहे. माझे पीएचडीचे सर फोनवर म्हणाले, असं पाणी नशिबानेच मिळतं. मला आनंद झाला. फोन ठेवल्यावर यवतमाळची फिल्म आठवली. चंचुपात्रात जे झालं म्हणून मी हसले, तेच बाबांच्या पाठीत झालं आहे. पात्रात त्याला गाळणी म्हणायचं, माणसात रोग.

२५ ऑगस्ट, गावी

घरी माठ बसवला. वर पावडरीचा थर, खाली चुनखडी, त्याखाली वाळू. थेंब थेंब गळतं, दिवसाला दोघांपुरतं. बाबांनी आपल्या हाताने विटा लावून त्याला बैठक केली. वाकता येत नाही, म्हणून आईने विटा हातात दिल्या. दोघांना सांगितलं, पिणं आणि स्वयंपाक याच पाण्यावर. बाबा "हो" म्हणाले, वाद घातला नाही. मला हायसं वाटलं.

लहान पोरांना जास्त धोका का, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पक्के दात हिरडीत आधीपासून बनत असतात, हाडं वाढत असतात, म्हणून जे पाण्यात असतं ते सगळं आत जातं. लक्ष देऊन ऐकलं त्यांनी.

१५ सप्टेंबर, गावी

माठ चांगला चाललाय. शेजारची निशिगंधा सकाळी आपल्या पोरीची बाटली भरून नेताना दिसली. अर्पिता नाव तिचं, चार वर्षांची, फार बडबडी. बाबाच बोलावून देतात म्हणे. म्हणजे बाबांचा पावडरीवर विश्वास बसला तर!

जूनमध्ये नेले होते तसे दोघांच्या लघवीचे नमुने पुन्हा नेते आहे. शरीरात आता किती जातंय ते त्यावरून कळेल.

२० सप्टेंबर

आईचा आकडा उतरला. बाबांचा जूनमध्ये होता तसाच.

काय चुकतंय? माठ एकच, पाणी एकच. सरांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांच्या हाडांत फार साठलेलं असतं त्यांच्या शरीरातून ते पुष्कळ दिवस उतरत राहतं, आकडा लगेच पडत नाही. पटलं. तरीही पुढच्या वेळी थर दुप्पट करीन.

६ ऑक्टोबर, गावी

थर दुप्पट केला. काढलेली जुनी पावडर तपासायला घेतली. बाबा थकलेले वाटतात. चप्पल पायातून निसटते आणि त्यांना कळत नाही. आई ओरडली, "चप्पल तिकडं राह्यली ना!" तेव्हा मागे पाहिलं. म्हणजे सगळं अंग फिरवलं.

आई मला दारापर्यंत सोडायला आली. काहीतरी सांगायचं होतं तिला. "तुह्या बाबाले तू इचार ना जरा," म्हणाली. काय विचारू म्हटलं, तर "जाऊ दे, गाडी चुकंल."

९ ऑक्टोबर

जुन्या पावडरीने जेवढं धरायला हवं तेवढं फ्लोराइड धरलेलं आहे. माठ खोटा नाही. मग बाबांचाच आकडा का हलत नाही? हाडांतलंच उतरत असावं. सर म्हणतात तसंच असेल.

१७ ऑक्टोबर, नागपूर

काल सकाळी बाबा अंगणात उठायला गेले आणि पाय उचलले नाहीत. इंद्रजितने, म्हणजे निशिगंधाच्या नवऱ्याने, उचलून गाडीत घातलं.

मानेतल्या हाडाने मज्जारज्जू आवळला आहे. ऑपरेशन करून जागा मोकळी करायची. डॉक्टर म्हणाले, पाय परत येतील असं वचन देत नाही, पण नाही केलं तर हातही जातील. सही मी केली.

१९ ऑक्टोबर, नागपूर

ऑपरेशन फार लांबलं. सर्जन बाहेर आले ते घामाघूम होते. म्हणाले, असं हाड क्वचितच हाती लागतं, यंत्राचं पातं बदलावं लागलं. बाबा शुद्धीवर आहेत. हातांची बोटं हलवतात.

२४ ऑक्टोबर, नागपूर

आज बाबांशी बोलले. जे झालं ते तसंच लिहिते.

डॉक्टर नर्सला विचारत होते, घरी पाणी कोणतं पितात? मी म्हटलं, गाळलेलं, ऑगस्टपासून. आई पलंगाच्या पलीकडून म्हणाली, "नाही."

बाबांनी डोळे मिटले.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, "बाबा, माठातलं पाणी पीत होतात ना?"

"तुही आई पेत होती."

"आणि तुम्ही?"

"माह्यं मी अर्पिताले देत होतो. तिचे पक्के दात आत बनून राह्यले, तूच सांगतलं होतं."

"मग दुसरा माठ बसवला असता! मला सांगायचं होतंत ना."

"दोन बसवशीन. बस्तीले किती बसवशीन?" श्वास घ्यायला थांबले. "पंप मी आणला, साधना. लोकं अजूनही तेच पेते. मी घरात बसून दुसरं पेऊ?"

मला इतका राग आला की आवाज फाटला. "याने कोणाचं भलं झालं, बाबा?"

"कोणाचंच नाही," ते म्हणाले. "मले सांगाचं होतं लोकायले. रोज ठरवून निघालो. ओट्यावर जाऊन बसलो की एखादी बाई घागर भरताना म्हणे, पाया पडते भाऊ. तोंडच उघडत नव्हतं."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. आई आली, बाजूला बसली. मी म्हटलं, तुला माहीत होतं. ती म्हणाली, "मले त्यायनं शपथ घातली होती. आन् त्यायनं आयुष्यात मले दुसरी कोणती शपथ घातली नाही."

१० नोव्हेंबर, गावी

बाबांना घरी आणलं. हातांत जोर आहे, पाय नाही. चाकाची खुर्ची घेतली.

काही दिवस विश्रांती घ्या म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. "आज रविवार हाय, लोकं घरी हाय." संध्याकाळी विहारासमोर बस्ती जमली. बाबा खुर्चीत. मी बोलू का म्हणून पुढे झाले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"माह्या पाठीत जे हाय ते पंपाचं पाणी हाय," बाबा म्हणाले. "साधनानं तपासलं. डॉक्टरनं पाह्यलं. उद्यापासून पंपाचं पाणी कोणी पेऊ नका. कपडे धुवा, भांडे घासा. तोंडात नका घालू."

इंद्रजित उभा राहिला. "काका, तुमाले कवा समजलं?"

"पावसाळ्याच्या सुरुवातीले."

"आन् तुमी सांगतलं नाही?"

"नाही सांगतलं."

"माही पोरगी तेच पाणी पेत होती, काका!"

मागून निशिगंधा म्हणाली, "पोरगी नव्हती पेत. तिले ऑगस्टपासून कोण पाणी देऊन राह्यलं, ते घरी आल्यावर मले इचारा. आन् तिच्या वाटचं पंपाचं कोण पेलं, तेही इचारा."

इंद्रजित तसाच उभा राहिला, मग खाली बसला. एक म्हातारी रडायला लागली. तिचेही गुडघे आखडलेले आहेत. बाबांवर रडली की स्वतःवर, कळलं नाही. बाकीची पोरं? त्यांना कोणी बाटली दिली नव्हती. हे कोणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या तोंडावर होतं. बाबांच्याही.

१२ नोव्हेंबर

रजा वाढवली. सरपंच विमलताई आज घरी आल्या. बाई चांगली आहे. आल्या आल्या बाबांच्या खुर्चीपाशी खाली सतरंजीवर बसल्या.

"भीमराजभाऊ, आमच्या वावरातल्या विहिरीवरून टँकर पाठवते. तुमी नाही म्हणू नका."

मी आधीच गावातलं सगळीकडचं पाणी तपासलं होतं. उथळ विहिरींचं चांगलं आहे, खोल बोअरचंच वाईट. विमलताईंच्या विहिरीचं चांगलं. गावविहिरीचं त्याहून चांगलं. हा आकडा मी बाबांना सांगितला नव्हता. सांगवत नव्हता. पण आज त्यांनी सरळ विचारलं.

"गावविहिरीचं कसं हाय वं?"

"सगळ्यात चांगलं आहे, बाबा."

ते विमलताईंना म्हणाले, "टँकर नको, ताई. उपकार होते तो. दोन महिने चालंन, मंग बंद होईन. गावविहीर ग्रामपंचायतीची हाय ना?"

"हाय ना. आता तुमाले कोणी नाही म्हणते का भाऊ तिथं?"

"कोणी नाही म्हणत. पण हो या, असंही कोणी म्हटलं नाही. आन् पंप आल्यापासून आमी गेलोही नाही."

विमलताईंनी मान खाली घातली. जाताना म्हणाल्या, "ग्रामसभेत मांडते. बस्तीपर्यंत नळाची लाइन आणू, त्याच विहिरीवरून. तवापर्यंत बायायले सरळ विहिरीवर येऊ द्या. मी सोता उभी राह्यते."

८ डिसेंबर

ग्रामसभेत ठराव झाला. एकदोघे कुरकुरले, पाणी उन्हाळ्यात आम्हालाच पुरत नाही म्हणाले. ते खरंही आहे, एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. त्या दोन-तीन महिन्यांसाठी माझ्या पावडरीच्या मोठ्या टाक्या विहाराजवळ बसतील. गरम पाण्यात भिजवायचं काम निशिगंधा आणि तिच्या बचतगटाच्या बाया शिकल्या. माझ्यापेक्षा टापटीप करतात; गेला महिनाभर बस्ती त्यांनी भरलेल्या माठांचंच पाणी पिते आहे.

इंद्रजितने पंपाच्या दांड्याला लाल रंग दिला, हे पाणी पिऊ नये याची खूण. बाबांनीच सांगितलं होतं. रंग देताना ते खुर्ची जवळ घेऊन बसले. इंद्रजितने वरून सुरुवात केली. बाबा म्हणाले, "खालपासून दे. गंज लागते नाहीतर."

१५ डिसेंबर, गावी

आज बस्तीच्या बाया गावविहिरीवर गेल्या. विमलताई सांगितल्याप्रमाणे आधीच येऊन उभ्या होत्या. बाबांना यायचं होतं. इंद्रजितने खुर्ची ढकलली, चढावर आणखी दोघांनी हात लावला.

विहिरीपाशी पोचल्यावर बाबा म्हणाले, काठाला न्या. कठड्याला खुर्ची टेकली. त्यांनी हात कठड्यावर ठेवला, दगडावरून फिरवला, गवंड्याने फिरवावा तसा. "मी ही आतून कदी पाह्यली नाही," म्हणाले. "लहानपणी इतकं जवळ येऊ देत नव्हते."

त्यांनी वाकायचा प्रयत्न केला. मान हलली नाही. पाठही नाही. हाताच्या जोरावर थोडे उचलले गेले, तरी कठड्यापलीकडचं काही दिसलं नसणार. मी धरलं तर म्हणाले, "राहू दे." मग, "काय दिसते, तू सांग."

मी वाकले. माझीही मान आखडली होती, गाडीचा गारठा लागला असेल. "पायऱ्या आहेत, बाबा. दगड चांगले बसवलेत. खाली पाणी. स्वच्छ आहे."

"किती खोल?"

"फार नाही."

आईने बादली ओढली. पहिलं पाणी कोणाला द्यायचं हे कोणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्या बाया थांबल्या. आईने तांब्या भरून बाबांच्या हातात दिला. त्यांना डोकं मागे टाकून पिता येत नाही, म्हणून ओठाला लावून हळूहळू प्यायले. सगळा तांब्या संपवला.

"कसं हाय?" विमलताईंनी विचारलं.

"गोड हाय," बाबा म्हणाले.

रिकामा तांब्या मांडीवर धरून ते बसून राहिले. बाया घागरी भरायला लागल्या, अर्पिता मध्ये मध्ये करत होती. मग माझ्याकडे न पाहता, कारण पाहता येत नाही, हळूच म्हणाले,

"पंपाचंही गोडच लागे."